रेनियरची फुलं बघायला पहिल्यांदा जाताना

सिएटलच्या आसपास राहायला आलं की पहिल्याच उन्हाळ्यात ऑफिसात कुणीतरी म्हणतं, "आज डोंगर दिसतोय." नाव कुणी घेत नाही. डोंगर म्हणजे माउंट रेनियर. उंची १४,४१० फूट, अंगावर बारमाही हिमनद्या, आणि पोटात अजून जिवंत असलेला ज्वालामुखी. इथले मूळ रहिवासी त्याला ताहोमा म्हणतात. १७९२ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरनं समुद्रावरून तो पाहिला आणि आपल्या ओळखीच्या एका नौदल अधिकाऱ्याचं नाव त्याला देऊन टाकलं. तेच नकाशावर राहिलं.

या डोंगराच्या कमरेभोवती कुरणं आहेत आणि उन्हाळ्यातले थोडे आठवडे ती फुलांनी भरून जातात. मी पहिल्यांदा गेलो तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. आई-बाबा पुण्याहून आले होते. आईनं साताऱ्याचं कास पठार दोनदा पाहिलेलं, त्यामुळे तिला या फुलांची फार उत्सुकता होती. वर पोचलो तर सगळं पांढरं. पायवाटेवर बर्फ, पाट्यांच्या गळ्यापर्यंत बर्फ, आणि आईच्या पायात उघडे सँडल. फूल एकही नाही. अर्ध्या तासात गाडीत परत येऊन बसलो. आपल्याकडून आईवडील मोजक्या महिन्यांसाठी येतात, त्यांचा एक दिवस असा जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. त्यानंतर मी दर उन्हाळ्यात जातो, बहुतेक वेळा कुणी ना कुणी पाहुणे घेऊन.

१. तारीख बर्फावरून ठरवा

मुख्य कुरणं पॅराडाइज नावाच्या जागी आहेत, साधारण ५,४०० फुटांवर. तिथं वर्षाला सरासरी ६४० इंच बर्फ पडतो, म्हणजे पन्नास फुटांहून जास्त. १९७१-७२ च्या हिवाळ्यात तर १,१२२ इंच पडला होता. एवढा बर्फ उतरल्याशिवाय जमीन दिसत नाही, आणि जमीन दिसल्याशिवाय फूल येत नाही. कासला जे काम पाऊस करतो ते इथं बर्फाचं वितळणं करतं.

सर्वसाधारण वर्षी जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा मध्य हा बहराचा काळ. हिवाळ्यात बर्फ कमी पडला असेल तर बहर अलीकडे येतो, जास्त पडला असेल तर पलीकडे जातो. त्यामुळे आई-बाबांची विमानाची तिकिटं काढताना जुलै आणि ऑगस्ट दोन्ही हाताशी राहतील असं बघा. नेमका दिवस जुलैच्या मध्यावर ठरवा.

तो ठरवायचा कसा? माउंट रेनियर नॅशनल पार्कच्या संकेतस्थळावर पॅराडाइजचे वेबकॅम आहेत. जूनच्या अखेरीपासून ते दोन-तीन दिवसांआड उघडून बघत जा. इमारतीसमोरचा उतार हिरवा दिसू लागला की पहिली फुलं आलीत असं समजा. त्याच संकेतस्थळावर पायवाटांची स्थितीही असते. शिवाय वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशनच्या संकेतस्थळावर नुकतेच जाऊन आलेले लोक फोटोंसह लिहितात. मला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला, कारण "फुलं आहेत का" याचं उत्तर तिथं कालच्या फोटोत मिळतं.

समाजमाध्यमांवरचे गालिच्यासारखे फोटो बघून तारीख ठरवू नका. ते कधीचे आहेत हे कळायला मार्ग नसतो.

२. पॅराडाइज की सनराइज

पार्कात फुलांसाठी जाण्याच्या प्रमुख जागा दोन. पॅराडाइज दक्षिणेच्या अंगाला, निस्क्वाली प्रवेशद्वारातून. सनराइज ईशान्येला, व्हाइट रिव्हर प्रवेशद्वारातून, ६,४०० फुटांवर. गाडीनं इथं जास्तीत जास्त तेवढंच वर जाता येतं. सनराइजचा रस्ता साधारण जुलैच्या सुरुवातीला उघडतो आणि सप्टेंबरअखेर किंवा त्यानंतर लवकरच बंद होतो. सिएटलहून दोन्हीकडे दोन ते अडीच तास धरा.

पहिल्यांदा जात असाल तर पॅराडाइज. ओलावा जास्त, म्हणून फुलं दाट. डांबरी पायवाटा आहेत, मोठं अभ्यागत केंद्र आहे, खायला मिळतं, स्वच्छतागृहं चांगली आहेत. सनराइज कोरडं आणि मोकळं. तिथून एमन्स हिमनदी समोर पसरलेली दिसते, पण फुलं विरळ. दुसऱ्या खेपेला सनराइज करा, ते वेगळंच आवडतं.

गर्दीचा फारच कंटाळा असेल तर तिसरी एक जागा आहे. महामार्ग ४१० वर चिनूक पासजवळ टिप्सू लेक, आणि तिथून निघणारी नाचेस पीकची साडेतीन मैलांच्या आसपासची गोल वाट. फुलं सुरेख, चढ बेताचा.

जुन्या लेखांत मोविच लेक आणि कार्बन रिव्हरची नावं सापडतील. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा फेअरफॅक्स पूल एप्रिल २०२५ मध्ये कायमचा बंद झाला. त्या बाजूचा बेत आखू नका.

३. पास, आरक्षण, कार्ड

घरून निघण्याआधी हे जवळ हवं:

- प्रवेशाचा पास. एका गाडीचे सात दिवसांचे ३० डॉलर. वर्षात तीन-चार राष्ट्रीय उद्यानं होणार असतील तर 'अमेरिका द ब्यूटिफुल' हा वार्षिक पास घ्या. इथं राहणाऱ्यांना तो ८० डॉलरला मिळतो. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी तोच २५० डॉलरचा झाला आहे, तेव्हा आई-बाबांच्या नावानं काढण्यात अर्थ नाही. पास तुमच्या नावाचा असू द्या. गाडीतले सगळे त्यावर आत जातात.
- फोटो असलेलं ओळखपत्र. वार्षिक पासावर ज्याचं नाव आहे तो गाडीत हवा, आणि त्याचं ओळखपत्र हातात हवं. पास बायकोच्या नावाचा आणि ती घरी, असं चालत नाही.
- कार्ड. प्रवेशद्वारावर रोख पैसे घेत नाहीत.
- वेळेचं आरक्षण, लागत असेल तर. २०२४ मध्ये ते पॅराडाइज आणि सनराइज दोन्ही रस्त्यांना लागत होतं, २०२५ मध्ये फक्त सनराइजला. नियम दरवर्षी बदलतो. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राला विचारू नका, पार्कच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचा नियम वाचा. आरक्षण आणि प्रवेश शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक काढलं म्हणून दुसरं माफ होत नाही. इथं बरेच जण चुकतात.
- या सगळ्याचा फोनमध्ये जतन केलेला स्क्रीनशॉट. डोंगराजवळ रेंज जाते आणि ऐन दारावर काही उघडत नाही.
- नकाशा आधीच उतरवून ठेवलेला. दारावर कागदी नकाशा मिळतो, तोही मागून घ्या.
- पाहुण्यांच्या आरोग्य विम्याच्या कार्डाचा फोटो आणि त्यांची रोजची औषधं.

४. गाडीत काय भरायचं

ऐन उन्हाळ्यातसुद्धा पॅराडाइजला दुपारी पारा साधारण सतरा-अठरा अंशांपर्यंतच जातो, आणि सकाळी सात-आठ अंश असतात. सिएटलमध्ये टी-शर्टवर निघालेली माणसं वर कुडकुडतात. प्रत्येकाला एक स्वेटर किंवा फ्लीस आणि वर पावसाचं जाकीट हवंच. छत्री नको, वाऱ्यात तिचा उपयोग नाही.

बूट घोट्याला आधार देणारे, तळाला नक्षी असलेले. नवे असतील तर आधी आठवडाभर घराजवळ घालून फिरा. मोज्यांचा एक जोड जास्तीचा घ्या, कारण बर्फाच्या पाण्यानं पाय भिजतात. गुडघे दुखणाऱ्यांना चालायच्या दोन काठ्या द्या. आईला पहिल्यांदा त्या नको वाटत होत्या. उतारावर दहा मिनिटं वापरल्यावर तिनं परत दिल्या नाहीत.

ऊन वरून लागतं तसं बर्फावरून उसळून खालूनही लागतं. हनुवटीच्या खाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावा. गॉगल लागतोच. बर्फ वितळल्यावर डास येतात, त्यांचा फवारा घ्या.

जेवण घरून न्या. दशम्या किंवा धपाटे, दाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. वर केंद्रात खायला मिळतं, पण गर्दीच्या दिवशी रांग लांब असते. डबा उघडला की मात्र तिथून हलू नका. पॅराडाइजला कोल्हे आणि 'ग्रे जे' नावाचे राखाडी पक्षी इतके धीट झालेत की हातातला घास नेतात. त्यांना काही घालू नका, लहान मुलांनाही आधी सांगून ठेवा. इथं माणसांकडून खायला मिळायची सवय लागलेला कोल्हा गाड्यांच्या मागे धावतो आणि चाकाखाली येतो.

पार्कात पेट्रोल मिळत नाही. पॅराडाइजकडे जाताना इटनव्हिलला, सनराइजकडे जाताना एनमक्लॉला टाकी भरून घ्या.

५. पोचायची वेळ

जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी सकाळच्या मध्यापर्यंत पॅराडाइजचं पार्किंग भरतं. नंतर दाराशीच गाड्यांची रांग लागते आणि त्या रांगेत तास-दीड तास जातो. आठच्या आत वर पोचायचं तर घरून साडेपाचला निघावं लागतं.

पाहुण्यांना घेऊन ते नेहमी जमत नाही. मला दुसरा मार्ग जास्त पटलाय. मधल्या वारी जा, आणि दुपारी तीनच्या पुढे पोचा. तोवर सकाळचे लोक परतू लागतात. जुलैअखेर साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणजे चालायला चांगले चार-पाच तास मिळतात. ऊन तिरपं झालं की कुरणांचे रंगही उठून दिसतात. फक्त घाटाचा रस्ता अंधार पडायच्या आत उतरा. हरणं मधेच आडवी येतात.

६. किती चालायचं

सोबत कोण आहे त्यावर वाट ठरवा. गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग.

*मर्टल फॉल्स.* जाऊन येऊन एक मैल, चढ शंभर फूट, वाट डांबरी. ज्येष्ठ, लहान मुलं, बाबागाडी, सगळ्यांना जमते. शेवटी पुलापाशी धबधबा आणि त्याच्या डोक्यावर अख्खा डोंगर. फोटोत दिसतो तो हाच. आई-बाबांसाठी मी नेहमी इथून सुरुवात करतो, आणि त्यांच्यात दम असेल तर पुढे एडिथ बेसिनमध्ये गोल्डन गेट वाटेनं पाव-अर्धा मैल चढतो. माझ्या मते अख्ख्या पार्कात फुलांसाठी याहून चांगला तुकडा नाही, आणि बहुतेक लोक धबधब्यावरून मागे फिरल्यामुळे तिथं शांतही असतं.

*निस्क्वाली व्हिस्टा.* सव्वा मैलाची गोल वाट, चढ दोनशे फूट. शेवटी निस्क्वाली हिमनदी जवळून दिसते. सावली आहे, ही मोठीच सोय.

*आल्टा व्हिस्टा.* पावणेदोन मैल, सहाशे फूट. अंतर कमी असलं तरी चढ छातीवर येतो. थांबत थांबत जा.

*स्कायलाइन.* साडेपाच मैलांची गोल वाट, १,७०० फूट चढ, चार ते पाच तास. सिंहगड पायी चढणाऱ्याला अवघड नाही, पण सरावच नसेल तर पहिल्या दिवशी नको. सुरुवातीच्या दगडी पायऱ्यांवर निसर्गलेखक जॉन म्यूर यांनी या कुरणांविषयी लिहिलेले शब्द कोरलेले आहेत. १८८८ मध्ये ते या डोंगराच्या माथ्यावर जाऊन आले होते. घड्याळाच्या दिशेनं जा, म्हणजे चढताना डोंगर समोर राहतो. साधारण ६,८०० फुटांवर पॅनोरमा पॉइंट लागतो. हवा स्वच्छ असेल तर तिथून दक्षिणेला आणखी ज्वालामुखी दिसतात, अॅडम्स, सेंट हेलेन्स, नशीब असेल तर ओरेगॉनमधला हूडसुद्धा. सेंट हेलेन्स चपटा का दिसतो असं पाहुणे विचारतातच. १८ मे १९८० च्या उद्रेकात त्याचा माथा उडाला आणि उंची १,३०० फुटांनी घटली. उतरताना थकवा आला असेल तर गोल्डन गेटची वाट धरा, दीड मैल वाचतो आणि शेवटी एडिथ बेसिनची फुलंही मिळतात.

पॅनोरमा पॉइंटच्या वर पांढरा उतार सुरू होतो आणि त्यावर लोक रांगेनं चढताना दिसतात. ते कॅम्प म्यूरकडे, दहा हजार फुटांवर चाललेले असतात. "थोडंसं वर जाऊन येऊ" म्हणून त्यांच्या मागे जाऊ नका. त्या उतारावर ढग उतरले की जमीन आणि आकाश एकच होतं आणि सराईत माणसंही वाट चुकतात. दहा हजार फुटांच्या वर जायला वेगळं परमिट लागतं.

७. फुलं ओळखायची कशी

केंद्रात फुलांचं चित्रपत्रक बघायला मिळतं. तरी नव्यानं जाणाऱ्याला सात-आठ फुलं पुरतात, आणि तीसुद्धा बर्फ वितळायच्या क्रमानं लक्षात ठेवली की सोपी जातात.

बर्फाच्या अगदी काठाशी अॅव्हलांच लिली. पांढरी, मान खाली घातलेली, मधे पिवळी. तिची पानं कधी कधी बर्फाचा पातळ थर भोकसून वर आलेली दिसतात. पिवळी असेल ती ग्लेशियर लिली. तिथंच जवळ पास्कफ्लॉवरचे पांढरे पेले. आठ-पंधरा दिवसांत त्यांच्या पाकळ्या झडतात आणि देठावर केसाळ, विस्कटलेला गोंडा उरतो. रुईची म्हातारी देठाला धरूनच राहिली तर कशी दिसेल, तसा.

मग मुख्य बहर. निळी-जांभळी ती ल्युपिन. वाटाण्याच्या कुळातली, फुलं तशीच आणि मागून शेंगाही तशाच, पण त्या विषारी असतात. मुलांना चाखू देऊ नका. किरमिजी किंवा लाल कुंचल्यासारखं ते पेंटब्रश. त्याचं लाल दिसतं ती पाकळी नव्हे, रंगलेली पानं. आपली बोगनवेल तशीच. पेंटब्रशची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांत शिरून अन्न घेतात, म्हणून घरच्या कुंडीत ते सहसा जगत नाही. पांढरट झुबके व्हॅलेरियनचे. पांढरा आखूड गोंडा बिस्टॉर्टचा, तो लांबून छान दिसतो आणि जवळ गेलं की घामट मोज्यांचा वास येतो. कुरणात असा वास आला तर बरोबरच्या माणसाच्या बुटांकडे बघू नका.

ओढ्यांच्या काठानं गडद गुलाबी मंकीफ्लॉवर असतात. ऑगस्ट सरताना जांभळी अॅस्टर येतात. सप्टेंबरमध्ये फुलं संपतात, पण हकलबेरीची झुडपं लालभडक होतात आणि ती फळं खायला अस्वलं उतरतात. अस्वल दिसलं तर शंभर यार्डांचं अंतर ठेवा, पळू नका.

मधेच एखादी खणखणीत शीळ ऐकू येईल. तो पक्षी नव्हे, मार्मोट. घुशीसारखा पण मांजराहून मोठा प्राणी, खडकावर ऊन खात बसतो आणि धोका वाटला की शीळ घालतो. ल्युपिन हा त्याचा आवडता चारा.

८. पाऊल पायवाटेबाहेर नको

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कुरण हिरवंगार दिसतं म्हणून दणकट वाटतं. तसं नाही. खालची माती म्हणजे जुन्या उद्रेकांची राख आणि प्युमिस (ज्वालामुखीतून निघालेला हलका, सच्छिद्र दगड), हाताला भुसभुशीत लागणारी. झाडांना वाढायला वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. तेवढ्यात पान काढायचं, फूल काढायचं, बी धरायची आणि पुढच्या नऊ महिन्यांच्या बर्फासाठी मुळात साठवणही करायची. अशा झाडावर पाऊल पडलं की त्याचं ते वर्ष गेलं. तिथंच पाच-सहा जण गेले की माती दबते, उघडी पडते, बर्फाचं पाणी त्या खळग्यातून वाहू लागतं आणि ओघळ तयार होतो. मग तिथं कित्येक वर्षं काही उगवत नाही. पॅराडाइजला कडेनं दोरखंड लावलेले भाग दिसतील. रोपवाटिकेत इथलीच रोपं वाढवून ती तिथं पुन्हा लावलेली असतात.

गुडघ्याएवढं फरचं झाड दिसलं तर ते कित्येक दशकांचं असू शकतं, हेही मुलांना सांगा.

फोटोसाठी फुलांत उभं राहायचा मोह सगळ्यांना होतो. त्यावर साधा उपाय आहे. वाटेला वळण असेल तिथं माणसाला वाटेवरच उभं करा आणि तुम्ही वळणाच्या अलीकडे वाटेवर बसून, कॅमेरा फुलांच्या उंचीला धरून फोटो घ्या. पुढं फुलं, मागं माणूस, मागं डोंगर. फुलांत उभं असल्यासारखंच दिसतं.

फुलं तोडायची नाहीत, एकही नाही. माझ्या आईचा हात सवयीनं ल्युपिनकडे गेला होता, संध्याकाळी देवासमोर ठेवायला. मी सांगितल्यावर तिनं हात मागे घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या नमस्कार केला. ज्येष्ठांना हे आधी घरीच सांगून ठेवलेलं बरं, चारचौघांत टोकावं लागत नाही. कुत्र्यांना पायवाटांवर परवानगी नाही, ड्रोनलाही नाही. आणि निघण्यापूर्वी घरीच बुटांचे तळवे घासून घ्या, त्यांत अडकलेलं तणाचं बी वर जायला नको.

९. वाटेवर बर्फ लागला तर

जुलैअखेरही वाटेवर बर्फाचे पट्टे असतात. ते टाळायला लोक कडेच्या कुरणातून जातात आणि नेमकी नुकती उगवलेली झाडं तुडवतात. उलट करा, बर्फावरूनच जा. टाचा रुतवत, छोटी पावलं टाकत, दोन पायांत अंतर ठेवून.

दोन ठिकाणी जपा. बर्फाखाली पाण्याचा आवाज येत असेल तर तिथला थर पोकळ असतो, तो भाग टाळा. आणि बर्फातून खडक वर आला असेल तर त्याच्या कडेला पाऊल ठेवू नका. खडक तापून आजूबाजूचा बर्फ आतून वितळवतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. उतार तीव्र असेल आणि घसरल्यावर कुठं थांबू ते दिसत नसेल, तर परत फिरा.

१०. ज्वालामुखीचं भान

रेनियर शांत आहे आणि त्याच्यावर सतत उपकरणांची नजर असते. मोठ्या उद्रेकाला साधारण हजार वर्षं झाली. रोजच्या सहलीत लाव्ह्याची भीती बाळगायचं कारण नाही. इथला खरा धोका चिखलाच्या लोंढ्याचा, त्याला लाहार म्हणतात. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी असा एक लोंढा डोंगरावरून निघून थेट समुद्राच्या खाडीपर्यंत गेला. ज्या एनमक्लॉला आपण पेट्रोल भरतो ते गाव त्याच चिखलाच्या थरावर वसलंय.

लहान लोंढे उद्रेकाशिवायही येतात. निस्क्वाली प्रवेशद्वारातून लाँगमायरकडे जाताना कॉट्झ क्रीक लागते. ऑक्टोबर १९४७ मध्ये तिथं आलेल्या लोंढ्यानं रस्ता गाडून टाकला होता. पाच मिनिटं थांबून बघण्यासारखं आहे.

नदीच्या पात्राजवळ असताना आगगाडीसारखी घरघर ऐकू आली, जमीन थरथरली किंवा पाणी एकदम गढूळ होऊन वाढलं, तर सामान सोडून उतारावर वर चढा. पात्रापासून दोनशे फूट तरी वर. गाडीत बसून खोऱ्यानं खाली पळायचा प्रयत्न करू नका. पॅराडाइजची कुरणं उंचावर आहेत, तिथं असाल तर तिथंच थांबा.

११. डोंगर दिसलाच नाही तर

हे होतं, आणि बऱ्याचदा होतं. समुद्राकडून आलेले ढग या डोंगराला अडकतात. सकाळी वेबकॅमवर सगळं धूसर दिसलं म्हणून बेत रद्द करू नका. पाऊस जोराचा नसेल तर जा. धुक्यात गर्दी निम्मी होते, पार्किंग मिळतं आणि फुलांचे रंग ओलसर, गडद होतात. वाट मात्र डांबरीच धरा, म्हणजे चुकायची भीती नाही.

आई-बाबांना मी दुसऱ्यांदा नेलं ते तीन वर्षांनी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि अशाच धुक्यात. मर्टल फॉल्सच्या पुढे दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. वाटेच्या कडेला ल्युपिनचं एक झुडूप होतं. त्याची पानं हाताच्या पंजासारखी, मधे छोटी वाटी, आणि प्रत्येक पानाच्या वाटीत पाण्याचा एकेक टपोरा थेंब. आई काठ्यांवर भार टाकून वाकली आणि म्हणाली, "अळूवर राहतो तसा राहिलाय बघ." मग तिनं बाबांनाही वाकायला लावलं. आम्ही त्या एका झुडपापाशी पंधरा-वीस मिनिटं होतो. डोंगर त्या दिवशी एकदाही दिसला नाही. घाट उतरताना बाबा मागच्या सीटवरून विचारत होते की पुढच्या वर्षीची तिकिटं जुलैअखेरची काढायची की ऑगस्टची.